जुन्या मनीला कुणी विचारलं?

पावसाळा सुरू झाला की सोसायटीच्या पार्किंगमधून, कुणाच्या तरी स्कूटरखालून, केविलवाणं म्याऊ ऐकू यायला लागतं. दोन-चार दिवसांत ते म्याऊ वरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये पोहोचतं. तिथे आधीच एक मनी वर्षानुवर्षं सुखाने नांदत असते. आणणाऱ्यांचं म्हणणं ठरलेलं असतं, "आमच्या मनीला दिवसभर एकटं वाटतं, तेवढीच तिला सोबत." मनीने तसं काही सांगितलेलं नसतं. (पुष्कळदा पिल्लाची आईही जवळच असते. मांजर पिल्लांना सात घरं हिंडवते म्हणतात. सातचा आकडा सोडा, पण ती जागा बदलते हे खरं. पिल्लू स्वच्छ, गुटगुटीत असेल तर उचलण्याआधी काही तास लांबून वाट पाहावी.)

आपल्या घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर, एकट्याने शिकार करणारं. माणसाशी त्याची ओळख जुनी आहे. सायप्रसमध्ये सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी एका माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडल्याचं २००४ साली प्रसिद्ध झालं. इतक्या सहवासात त्याने थोडं समूहात राहायला शिकून घेतलं, पण आपल्या अटींवर. मासळीबाजारात किंवा बंदरावर मांजरांचे घोळके दिसतात, त्यांचा गाभा बहुधा माय-लेकी आणि बहिणींचा असतो. त्या एकमेकींची पिल्लं पाजतातसुद्धा. बाहेरचं मांजर आलं की मात्र त्याला हुसकून लावतात. थोडक्यात, मांजराला भावकी चालते, परकं चालत नाही.

आणि भावकी कोण, हे ठरतं वासावर. मांजराच्या गालांत, हनुवटीत, कपाळावर, पंजांत आणि शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. सोफ्याच्या कोपऱ्यावर, फ्रिजच्या कडेवर, तुमच्या पोटरीवर मनी गाल घासते तेव्हा लाडीगोडी असतेच, पण त्या जागेवर आपली सहीही करत असते. अशा घरात इंजिन ऑइल, चिखल आणि कुठल्या तरी अनोळखी मांजराचा वास घेऊन मुठीएवढं पिल्लू थेट हॉलच्या मधोमध ठेवलं, तर मनीने काय करावं अशी अपेक्षा असते? ती फिस्कारते. मग घरातले तिलाच ओरडतात, "एवढीशी आहे गं ती!" हे ओरडणं आधी थांबवायला हवं. फिस्कारणं म्हणजे लांब राहा एवढा निरोप आहे. तो पिल्लाला पोहोचला की पंजा उगारायची वेळ सहसा येत नाही.

पिल्लू पहिल्या दिवसापासून वेगळ्या खोलीत ठेवायचं. त्याचं पहिलं कारण आजार. रस्त्यावरचं पिल्लू पिसवा, जंत, गजकर्ण, वाहतं नाक यांपैकी काहीही घेऊन येऊ शकतं. सगळ्यांत वाईट पॅनल्युकोपेनिया. कुत्र्यांच्या पार्व्होच्या कुळातला हा विषाणू घरात वर्षभर तग धरू शकतो. आपल्याकडे लादी पुसायचं फिनेल त्याच्यावर चालत नाही, उलट ते मांजरांनाच विषारी असतं. ब्लीच एका भागाला बत्तीस भाग पाणी घालून वापरायचं आणि लादी सुकेपर्यंत मांजरं लांब ठेवायची. मनीचं लसीकरण झालेलं हवंच. पिल्लाची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. सापडलेल्या पिल्लाला किमान दोन आठवडे वेगळं ठेवा, ल्युकेमिया आणि एफआयव्ही या मांजरांच्या विषाणूजन्य आजारांच्या तपासणीचं डॉक्टरांना विचारा. आणि बशीत गाईचं दूध नको. बहुतेक पिल्लांना त्याने जुलाब होतात.

"पण आमचा वन बीएचके आहे," असं आता कुणी तरी म्हणणार. बरोबर आहे, मुंबई-पुण्यात वेगळी खोली म्हणजे चैन. तरी दार बंद होईल अशी एक जागा लागतेच. बेडरूम देता आली तर उत्तम, पण मनी रोज जिथे झोपते ती खोली काढून घेऊ नका. नाही तर पाहुणा आला आणि यजमानाचं अंथरूण गेलं, अशी गत. कोरडं बाथरूम चालतं. जाळी बसवलेली गॅलरी भर पावसात चालत नाही. आत लिटरचा ट्रे, त्यापासून लांब पाणी आणि खाणं, लपायला एक आडवं ठेवलेलं खोकं. बास.

आता वासांची देवाणघेवाण. एक जुना सुती मोजा पिल्लाच्या गालांवरून हलकेच फिरवायचा आणि हॉलमध्ये एका कडेला टाकायचा, मनीच्या ताटलीजवळ नव्हे. ती येते, मान लांब करते, हुंगते, तोंड अर्धवट उघडं ठेवून क्षणभर थिजल्यासारखी राहते. टाळूतल्या खास इंद्रियापर्यंत ती तो वास पोहोचवत असते. मग कदाचित फिस्कारून निघून जाते. दुसरा मोजा मनीच्या गालांचा, तो पिल्लाकडे. मोजा बघूनही ती ढिम्म हलत नाही असं झालं की पुढची पायरी, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. सुरुवातीला ताटल्या दारापासून चांगल्या लांब, मग रोज थोड्या जवळ. मनीने खायचं थांबवलं की आदल्या दिवसाच्या जागेवर परत. त्यानंतर जाळीतून दर्शन. आपल्याकडच्या जाळीच्या सेफ्टी डोअरचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही, पण ते असतं नेमकं बाहेरच्या दाराला. आतल्या चौकटीला मच्छरदाणीची जाळी ताणून लावली तरी भागतं, फक्त पिल्लू नखांनी ती फाडेपर्यंत. समोरासमोर भेट सर्वांत शेवटी, पाच-दहा मिनिटांची, दोघांचं खेळून आणि खाऊन झाल्यावर.

मांजराला शांत करणाऱ्या गंधाचे, म्हणजे फेरोमोनचे, डिफ्यूझर मिळतात. काही घरांत गुण येतो, पण बंद दाराला तो पर्याय नाही.

आरडाओरड झाली की सगळे धावतात. खरी लक्ष ठेवायची गोष्ट मात्र गुपचूप घडते. मनी पॅसेजमध्ये पाय पोटाशी घेऊन बसलेली असते. कुणालाही वाटावं, पंख्याखाली पडली आहे. पण पॅसेजच्या टोकाला लिटरचा ट्रे असतो. पिल्लू दोनदा येतं, तिच्याकडे बघतं आणि मागे फिरतं. तिने नख काढलेलं नसतं, आवाज केलेला नसतो. संध्याकाळी पिल्लू गादीवर घाण करतं आणि बोलणी पिल्लाला बसतात. म्हणून मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, आणि सगळे एका रांगेत नकोत. माळा, कपाटाचा वरचा कप्पा, ओट्यावरचं शेल्फ अशा उंच जागा मनीसाठी मोकळ्या ठेवा. पिल्लाला काही आठवडे तिथवर उडी मारता येत नाही, तेवढीच तिला उसंत.

घरी आधीचा बोका असेल तर एक इशारा. ताणामुळे मांजरांच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते, आणि बोक्यांची मूत्रनळी अरुंद असल्याने ती तुंबू शकते. तो ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतोय, जोर करतोय आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. तसंच, रुसून जेवत नाही म्हणून दोन दिवस सोडून देऊ नका. विशेषतः लठ्ठ मांजर उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठायला लागते.

चौदा वर्षांच्या, सांधे धरलेल्या मनीच्या पाठीवर दिवसभर उड्या मारणारं पिल्लू आणणं मला क्रूरपणाच वाटतो. तिथे शांत स्वभावाचं मोठं मांजर बरं, किंवा नवं कुणीच नको. तीन-चार वर्षांच्या खेळकर बोक्याशी पिल्लाची गट्टी लवकर जमू शकते. फार लहानपणी आईपासून तुटलेल्या पिल्लाला किती जोरात चावायचं याचा अंदाज नसतो, आणि तो धडा मोठं मांजर नखं आत ठेवून एका चापटीत देतं. आपण मध्ये पडायचं नाही. हे सगळं जमायला काही आठवडे लागतात, कधी कित्येक महिने. काही जोड्या कधीच एकमेकींना चाटत नाहीत, फक्त एका घरात वेगवेगळ्या खुर्च्यांवर झोपतात. तेही चांगलंच चाललंय म्हणायचं.

पिल्लू चार ते सहा महिन्यांचं झालं की नसबंदी येते. इथे बेसावध राहू नका. शस्त्रक्रियेहून ते औषधांचा, स्पिरिटचा, दवाखान्यातल्या पिंजऱ्याचा वास घेऊन परततं, आणि एव्हाना त्याच्याबरोबर झोपणारी मनी त्याला अनोळखी समजून अंगावर धावून जाऊ शकते. आल्या आल्या भेट नको. एक रात्र जुन्याच खोलीत, दार लावून, मनी रोज झोपते ती चादर त्याच्या अंगाखाली घालून ठेवा. सकाळी मोजे पुन्हा बाहेर काढा.