शंभर मात्रांची कुपी आणि दहा कोंबड्या

उन्हाळ्याच्या तोंडावर किल्लारीच्या एक मावशी पिशवीत मेलेली कोंबडी घेऊन माझ्याकडे आल्या. "सायेब, काल सांजेला दाणे टिपीत होती. सकाळी बगते तर मान पाठीवर. अकरा होत्या, तीन राह्यल्या." अंडी विकून त्या नातीच्या वह्या-पुस्तकांचे पैसे उभे करीत. हिरवट-पांढरी हगवण, गळालेले पंख, धाप आणि शेवटी वाकडी झालेली मान, ही लक्षणे ऐकूनच रोग कळला. कोंबडी फाडून पाहिली तेव्हा जठरात रक्ताचे ठिपके होतेच.

ही मानमोडी. पुस्तकात हिला राणीखेत म्हणतात. 1920 च्या दशकात कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत गावाजवळ हा रोग आढळला, म्हणून ते नाव. रोग विषाणूचा असल्याने त्यावर औषध नाही. औषधाच्या दुकानातून कॅप्सूल आणून पाण्यात कालवण्याची आपल्याकडे फार सवय आहे. मानमोडीत ते पैसे वाया जातात. लस मात्र चांगली आहे, स्वस्त आहे, आणि राणीखेतपासून फार लांब नसलेल्या मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेने ती कित्येक दशकांपूर्वीच तयार करून दिली आहे.

मग मावशींच्या कोंबड्या का मेल्या? कारण साधे आहे. लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते. मावशींकडे कोंबड्या अकरा. कुपी थंड ठेवावी लागते, आणि एकदा द्रावणात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. अकरा कोंबड्यांसाठी कुपी फोडायला कोणी सहसा तयार होत नाही, आणि अकरा कोंबड्यांसाठी मावशीही दवाखान्याची वाट धरीत नाहीत. शेडमध्ये पाच हजार पक्षी पाळणाऱ्याला ही अडचण कधी येत नाही.

उपाय एकाच घराने करण्यासारखा नाही. गल्लीतील दहा-बारा घरांनी मिळून एक दिवस ठरवावा. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी नव्या जागी वसली, घरे ओळीने आली. जुन्या गावातल्या माळवदाच्या घरांची आठवण काढून म्हातारी माणसे आजही हळहळतात, ते खरेच आहे. पण लसीकरणाला ही ओळ सोयीची पडते. आदल्या रात्री कोंबड्या डालग्याखाली कोंडून ठेवाव्यात. दिवस उजाडल्यावर सुटलेली गावठी कोंबडी धरणे माझ्या वयाच्या माणसाचे काम नव्हे! लस बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणावी आणि ऊन चढण्याआधी काम उरकावे. आठवडाभराच्या पिलांना डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब लासोटा, आणि सहा-आठ आठवड्यांच्या पुढच्या पक्ष्यांना पंखाखाली कातडीत अर्धा मिलीचे इंजेक्शन. मोठ्यांना त्याआधी आठवडाभर जंताचे औषध दिलेले बरे. हे सगळे थंडी सरता सरता, ऊन तापायच्या आत व्हावे.

एक चूक माझ्या हातून झाली, ती सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका वस्तीवर दोन कोंबड्या मेल्याचे कळले आणि मी धावत जाऊन बाकीच्यांना लस टोचून आलो. चार दिवसांत निम्म्या मेल्या. रोग त्यांच्या अंगात आधीच शिरला होता, आणि लशीचे बळ यायला दहा-पंधरा दिवस लागतात. पण बायाबापड्यांनी डोळ्यांनी पाहिले ते एवढेच, की सुई टोचली आणि कोंबडी मेली. त्या वस्तीवर पुढे तीन वर्षे मला कोणी खुराड्याला हात लावू दिला नाही. दोष त्यांचा नव्हता. म्हणून आता मी पहिला प्रश्न विचारतो : गेल्या पंधरवड्यात गल्लीत मर झाली का? झाली असेल तर तेथे त्या दिवशी सुई बाहेर काढीत नाही.

मर सुरू झाली की आपण आजारी कोंबडी घाईने आठवडी बाजारात विकतो, नाहीतर कापून खातो, आणि पिसे उकिरड्यावर टाकतो. रोग गावोगाव पोचतो तो असा. मेलेला पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा. बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी. मानमोडीने माणसाला फारतर डोळे येतात. पण बर्ड फ्लूही पहिल्या दिवशी असाच दिसतो. 2006 साली नवापूरला, जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी आणि जानेवारी 2025 मध्ये आपल्या उदगीरला कावळ्यांमध्ये तो सापडला. डोळ्यांनी पाहून दोन्हींतला फरक मलाही सांगता येत नाही, प्रयोगशाळेलाच सांगता येतो. म्हणून एकदम बऱ्याच कोंबड्या किंवा कावळे मेले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, लेकरांना लांब ठेवा. नीट शिजवलेले मांस व अंडी खायला हरकत नाही; आजारी पक्षी कापण्यात धोका आहे.

मावशींनी पावसाळ्यानंतर शेजारणींना गोळा केले. चौदा घरे, एकशे सहा कोंबड्या. कुपी पुरली नाही, दुसरी फोडावी लागली.