आवाज वाढला, पण शब्द कुठे गेला?

१४ एप्रिल जवळ आली की आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वाडीवाडीतून बैठका सुरू होतात. वर्गणी किती, वक्ता कोण, आणि सर्वात जास्त वेळ ज्याच्यावर जातो तो प्रश्न म्हणजे साऊंड कोणाचा आणि किती वॅटचा!

मागे एका बौद्धवाडीतील जयंतीच्या सभेला आम्ही गेलो होतो. एक भगिनी आयुष्यात प्रथमच माईकसमोर उभी राहिली. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलींविषयी तिने कागदावर लिहून आणले होते. चार वाक्ये झाली आणि कर्णा शिट्टी मारू लागला. पोरांनी मशीनचे बटण आणखी फिरवले. शिट्टी वाढली, आवाज फाटला. भगिनी कागदाची घडी घालून खाली बसली. टेम्पोभर साऊंड होता, पण तिचा शब्द दुसऱ्या रांगेपर्यंतही गेला नाही. आम्ही पोरांना दोष देत नाही. अॅम्प्लिफायर नेमके काय करतो, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

माईक आवाजाच्या कंपनांचे विजेच्या लहरींत रूपांतर करतो. पण ही वीज अगदीच क्षीण, दोन-चार मिलिव्होल्टची. १०० वॅटचा, ८ ओहमचा कर्णा पूर्ण ताकदीने चालवायचा तर सुमारे २८ व्होल्ट लागतात. म्हणजे मूळ लहर हजारो पटींनी मोठी करावी लागते. ही जास्तीची ताकद कुठून येते? ती बोलणाऱ्याच्या गळ्यातून येत नाही, माईकमधूनही येत नाही. ती येते खांबावरच्या विजेतून किंवा बॅटरीतून. पाटाच्या तोंडाला लावलेली फळी लहान मूलही वरखाली करू शकते. पण त्या फळीमागून धावणारे पाणी मुलाच्या ताकदीचे नसते. अॅम्प्लिफायरमधील ट्रान्झिस्टर ही ती फळी. माईकची क्षीण लहर फळी हलवते, आणि मागची मोठी वीज तिच्याच चालीने कर्ण्याकडे धावते.

यातून तीन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत.

पहिली, मशीनला अर्थ कळत नाही. माईकमध्ये वक्त्याबरोबर वारा, जनरेटरची घरघर, शेजारच्यांची कुजबुज शिरली तर तेही तितक्याच पटीने मोठे होते.

दुसरी, मागे जेवढी वीज आहे त्याहून मोठी लहर मशीन देऊ शकत नाही. बटण त्यापुढे फिरवले की लहरीचे शेंडे कापले जातात. आवाज फाटतो तो यामुळेच. आणि कर्ण्याचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला तर तोच आवाज फिरून फिरून वाढतो. ती शिट्टी. अशा वेळी बटण वाढवायचे नसते, कमी करायचे असते. माईक कर्ण्याच्या मागे ठेवावा आणि तोंडाजवळ धरावा.

तिसरी गोष्ट वर्गणीची. वॅट दुप्पट केले तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम कळेल इतका. आवाज दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. मग दुप्पट भाडे मोजून आपण काय विकत घेतो? त्यापेक्षा वाडीच्या चार कोपऱ्यांत चार लहान कर्णे लावले तर म्हातारीकोतारीही ओटीवर बसून भाषण ऐकतील.

आम्ही वकील, तेव्हा कायद्याचेही सांगितले पाहिजे. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केले, की बोलण्याचा हक्क घटनेने दिला आहे, पण यंत्राने आवाज वाढवून इतरांवर गोंगाट लादण्याचा हक्क त्यात येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे म्हटले.

"मग कायदा आमच्याच जयंतीला का दाखवता?" असे आमचे तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. नियम सर्वांच्या उत्सवाला सारखाच लागला पाहिजे, आणि तो तसा लागत नसेल तर आम्ही कोर्टात उभे राहू. पण दुसऱ्याने मोडला म्हणून आपणही मोडायचा, हा युक्तिवाद घटनाकाराच्या लेकरांना शोभत नाही. शेजारच्या घरात दम्याचा रुग्ण असतो, दहावीचा अभ्यास करणारी पोर असते. ती आपलीच असते.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. ज्यांना बोलूच दिले जात नव्हते, त्यांचे म्हणणे त्या पाक्षिकाने महाराष्ट्रभर नेले. १९५६ साली नागपूरला लाखोंच्या समुदायापुढे बाबासाहेब बोलले तेव्हा ध्वनिक्षेपक होताच. यंत्राशी आमचे वैर नाही. मुक्या समाजाचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत नेणारे यंत्र आम्हाला हवेच आहे. पण आधी शब्द हवा.

यंदाच्या बैठकीत वॅटचा विषय निघाला की एवढे करा. सभेच्या दोन तास आधी माईक तपासा. शेवटच्या रांगेत एक कार्यकर्ता उभा करा. त्याला शब्द न् शब्द कळला की बटणाला हात लावू नका. आणि त्या भगिनीला पुन्हा बोलवा. तिचा कागद अजून वाचायचा राहिला आहे.

जय भीम!