रंगीत स्पर्शभिंगे : दागिना नव्हे, वैद्यकीय साधन

लग्नसराईत वधूच्या साजशृंगारात अलीकडे एका नव्या वस्तूची भर पडली आहे. काळ्या डोळ्यांना घारी, निळी वा हिरवी छटा देणारी रंगीत स्पर्शभिंगे, म्हणजेच कॉन्टॅक्ट लेन्स, ही ती वस्तू होय. ही भिंगे मुळातच वाईट आहेत असे नाही; तथापि टिकलीप्रमाणे ती कोणीही विकत घ्यावीत व कोणाच्याही डोळ्यांत घालावीत, हा समज घातक आहे.

धोका कशामुळे?

बुबुळावरील काचेसारख्या पारदर्शक पडद्यास स्वच्छमंडल म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यास लागणारा प्राणवायू मुख्यत्वे बाहेरील हवेतून, अश्रूंत विरघळून मिळतो. स्पर्शभिंग हे या वाटेवरील झाकण होय. रंगाच्या थरामुळे काही भिंगांतून प्राणवायू आणखी कमी जातो. भिंगाचा बाक डोळ्याशी न जुळल्यास स्वच्छमंडलावर सूक्ष्म ओरखडे उठतात व त्यांतून जंतू शिरून व्रण होतो. स्यूडोमोनास नावाचे जंतू एकदोन दिवसांतच मोठी हानी करू शकतात. व्रण भरला तरी पांढरा डाग राहू शकतो. यालाच आपण डोळ्यात फूल पडणे म्हणतो.

जुलै २०२४ मध्ये दिल्लीतील एका कार्यक्रमासाठी भिंगे लावल्यानंतर तीव्र वेदना होऊन आपल्या स्वच्छमंडलास इजा झाल्याचे अभिनेत्री जस्मिन भसीन यांनी सांगितले होते. सर्व सोयी हाताशी असलेल्यांवरही असा प्रसंग येऊ शकतो, हे ध्यानी घ्यावे.

पाणी आणि धान

विहीर, तलाव, नदी, इतकेच नव्हे तर नळाच्या पाण्यातही अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव आढळतो. भिंगामुळे त्यास डोळ्यात ठाण मांडता येते आणि त्याचा उपचार महिनोन्‌महिने चालतो. बालाघाट हा धानाचा जिल्हा आहे. धानाचे पाते वा कुसळ डोळ्यास लागल्यास बुरशीचा व्रण होऊ शकतो. अशा दुखावलेल्या डोळ्यात भिंग कदापि घालू नये.

दक्षता

१. चष्म्याचा नंबर नसला तरी नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्यांचे माप व तपासणी करून घ्यावी. अमेरिकेत २००५ पासून शोभेच्या भिंगांसही वैद्यकीय चिठ्ठी कायद्याने आवश्यक आहे.

२. एकाने वापरलेली भिंगे दुसऱ्याने लावू नयेत.

३. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. भिंगे त्यांच्यासाठीच्या द्रावणानेच स्वच्छ करावीत. पाणी वा थुंकी वापरू नये.

४. भिंगे लावून झोपू नये, स्नान करू नये, नदीत उतरू नये.

५. भिंगे आधी लावावीत, काजळ व रंगभूषा नंतर. काढतानाही भिंगे प्रथम काढावीत.

लक्षणे दिसताच

डोळा लाल होणे, दुखणे, प्रकाश सहन न होणे वा अंधुक दिसणे, यांपैकी काहीही जाणवल्यास भिंग तत्काळ काढावे व त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञास दाखवावे. काढलेले भिंग सोबत न्यावे. त्यावरून जंतूंचा शोध लागू शकतो. मध, दूध वा पाल्याचा रस डोळ्यात घालू नये. दुकानातून स्वतःहून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असल्यास बुरशीचा व्रण अधिकच चिघळतो.

शिक्षकांनी स्नेहसंमेलनाच्या व ग्रामसेवकांनी ग्रामसभेच्या निमित्ताने ही माहिती द्यावी. लग्नाचा समारंभ एका दिवसाचा असतो. दृष्टी मात्र जन्मभर लागते.