रेषा कुणी आखली? (भाग ६) : सहाचं गणित आणि खानदेश

मागच्या भागात ओल्ड सॅरमची हकीकत आली होती. गाव ओस पडलं तरी तिथून १८३२ पर्यंत दोन सभासद ब्रिटिश संसदेत जात राहिले, आणि गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला स्वतःचा एकही नव्हता. माणसं हलली की रेषाही हलली पाहिजे, हे तिथे फार उशिरा पटलं. आपल्याकडे घटनेनेच तशी तरतूद केली. खानदेशात त्याचं काय झालं, ते आता पाहू.

महाराष्ट्रात विधानसभेच्या जागा २८८ आणि लोकसभेच्या ४८, म्हणजे प्रत्येक खासदाराच्या वाट्याला सहा विधानसभा मतदारसंघ. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली आणि २००८ मध्ये लागू झालेली पुनर्रचना या सहाच्या हिशेबावर उभी आहे. जळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या अकरा जागा आहेत. त्यातल्या जळगाव शहर, जळगाव ग्रामीण, अमळनेर, एरंडोल, चाळीसगाव आणि पाचोरा मिळून जळगाव लोकसभा झाली. उरल्या चोपडा, रावेर, भुसावळ, जामनेर आणि मुक्ताईनगर. एक कमी पडत होती. ती शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातून, मलकापूरची आली आणि रावेर हा नवा मतदारसंघ उभा राहिला. एरंडोलचं नाव लोकसभेच्या यादीतून गेलं. मलकापूर मूळचं वऱ्हाडातलं, पण आता त्याचा खासदार खानदेशातल्या पाच जागांबरोबर निवडला जातो.

पश्चिमेला ओढाताण जास्त झाली. धुळे जिल्ह्यात पाच जागा, नंदुरबारमध्ये चार. साक्री आणि शिरपूर या धुळे जिल्ह्यातल्या दोन आदिवासी राखीव जागा नंदुरबारकडे गेल्या आणि तिथले सहा पूर्ण झाले. धुळ्याकडे धुळे शहर, धुळे ग्रामीण आणि शिंदखेडा एवढंच राहिलं. मग नाशिक जिल्ह्यातून मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण जोडले गेले. धुळ्याची राखीव जागा त्याच वेळी खुली झाली.

इतिहासाच्या अभ्यासकाला इथे थांबावंसं वाटतं. मालेगाव आणि बागलाण १८६९ पर्यंत खानदेश जिल्ह्यातच होते. त्या वर्षी नाशिक जिल्हा झाला आणि ते तिकडे गेले. पुढे १९०६ मध्ये उरलेल्या खानदेशाचेही पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले. अहिराणी बोली आणि सोयरिकी मात्र या रेषा ओलांडून चालतच राहिल्या. १८६९ ची ताटातूट भरून काढावी म्हणून काही २००८ ची रेषा आखलेली नव्हती. तरी लोकसभेपुरती ती दोन्ही ठिकाणं पुन्हा धुळ्याशी जोडली गेली.

रेषेचं वजन किती, ते २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दिसलं. धुळ्यात डॉ. शोभा बच्छाव यांनी डॉ. सुभाष भामरे यांचा ३,८३१ मतांनी पराभव केला. भामरे सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होते, पण मालेगाव मध्यच्या मताधिक्याने निकाल फिरला. मालेगावकरांचं मत शिंदखेड्याच्या मताइतकंच मोलाचं आहे, त्यात वाद नाही. पण २००८ पूर्वीच्या नकाशावर या दोन गावांची मतं एका पेटीत मोजलीच गेली नसती.

माझा आक्षेप निकालाला नाही, गैरसोयीला आहे. बागलाणमधल्या सटाण्याच्या शेतकऱ्याचे जिल्हाधिकारी नाशिकला आणि खासदार धुळ्याचा. साक्रीच्या माणसाचे जिल्हाधिकारी धुळ्याला, खासदार नंदुरबारचा. कांद्याचा प्रश्न असो वा पाण्याचा, खासदाराला दोन जिल्ह्यांच्या कचेऱ्या गाठाव्या लागतात, आणि जाब नेमका कुणाला विचारायचा हे मतदाराला कळत नाही. लोकसंख्या समान हवीच, पण प्रशासनाची हद्दही त्याच तोलाने पाहिली जायला हवी.

लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. त्यानंतर नकाशा पुन्हा उघडेल. पुनर्रचना आयोग आधी मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो आणि जाहीर सुनावण्या घेतो. अंतिम आदेश राजपत्रात आला की कायद्याने त्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही. म्हणून साक्री, सटाणा, मलकापूर इथल्या ग्रामपंचायतींनी आणि वकील मंडळींनी आपलं म्हणणं मसुद्याच्या टप्प्यावरच लेखी द्यायला हवं.

पुढील भागात : राखीव मतदारसंघ कसे ठरतात?