भिलवडीचं दूध, पुण्याचं गिऱ्हाईक

सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याहून भिलवडीला जायचं तर अंकलखोपवरून रस्ता आहे. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच हळदीचं रान, पुढे औदुंबर आणि मग कृष्णेवरचा पूल. पूल ओलांडला की भिलवडी. पुण्यातलं सगळ्यात ओळखीचं मिठाईचं दुकान या गावातल्या दुधावर उभं राहिलं. चितळे बंधूंविषयी पुण्याच्या बाजूने पुष्कळ लिहिलं गेलंय: बाकरवडी, रांगा, दुपारची बंद दारं. नदीच्या बाजूने पाहिलं तर हीच हकीकत वेगळी दिसते. पहिल्या दिवसापासून या घराला एकच प्रश्न सोडवायचा होता. दूध काही तासांत नासतं आणि गिऱ्हाईक शेकडो किलोमीटर लांब आहे. त्यांनी पुढे जे जे केलं ते या प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचलं, की आजच्या तरुण दुकानदाराच्या हाती काहीतरी लागतं असं मला वाटतं.

आधी दूध पाहू. दिवेलागणीला आष्ट्यातल्या कुठल्याही दूध संकलन केंद्रावर उभं राहावं. किटल्या घेऊन माणसं येतात. कुणी सायकलवर, कुणी मोटारसायकलला दोन्हीकडे कॅन लावून, एखादी आजी नातवाचं बोट धरून. केंद्रावरचा पोरगा दूध मापून घेतो, नमुना यंत्रात धरतो, आणि पावती निघते: लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक), दर. म्हशीच्या दुधाला सहा फॅट आणि नऊ एसएनएफ हे प्रमाण धरतात. फॅट एका पॉइंटने खाली आला की दर कापला जातो. पूर्वी हेच काम ब्युटिरोमीटरच्या काचनळीत ॲसिड घालून आणि हाताने चक्र फिरवून करावं लागे. यंत्र बदललं, तरी घाई तीच आहे. वैशाखात सकाळी काढलेलं दूध दुपारपर्यंत थंड केलं नाही किंवा तापवलं नाही, तर ते टाकूनच द्यावं लागतं. सरकी पेंडेचा खर्च, वैरण कापायची मेहनत, पहाटे चारचं उठणं, सगळं त्या काही तासांवर टांगलेलं असतं.

भास्कर गणेश चितळे मूळचे साताऱ्याजवळच्या लिंब गोव्याचे. 1939 साली त्यांनी भिलवडीत येऊन दुधाचा धंदा मांडला. जागा त्यांनी विचारपूर्वक निवडली होती. कृष्णाकाठ म्हणजे बारमाही पाणी, पाणी म्हणजे वैरण, वैरण म्हणजे म्हशी. आणि पुणे-मिरज लोहमार्गावर भिलवडीचं स्टेशन होतं. लाइन तेव्हा मीटरगेज होती, गाडी सावकाश जायची, पण रोज जायची. याच लाइनीवर दोन स्टेशनं अलीकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली माळरानावर कारखान्याचं गाव वसवलं होतं. त्या काळी या भागात धंदा करणारा माणूस आधी रेल्वेचं वेळापत्रक पाठ करत असणार.

गाडी मिळाली तरी कच्चं दूध लांब जात नाही. मग त्याचं रूप बदलावं लागतं. साधारण पाच लिटर म्हशीच्या दुधातून एक किलो खवा निघतो. वजन एक पंचमांशावर येतं, भाडं वाचतं, आणि तासांवर मोजलं जाणारं आयुष्य दिवसांवर जातं. दही टांगून चक्का केला, चक्क्यात साखर घोटून श्रीखंड केलं, की मुदत आणखी वाढते. लोणी कढवून तूप केलं की महिन्यांची निश्चिंती. गावच्या गवळ्याला हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होतंच. चितळ्यांनी त्याला रेल्वे जोडली आणि शहरातलं गिऱ्हाईक जोडलं.

शहरात आपला माल दुसऱ्याच्या हातून विकायचा, की स्वतः जाऊन विकायचा? ग्रामीण धंद्याचं नशीब इथेच ठरतं. ऊस असो, हळद असो, बेदाणा असो, पिकवणाऱ्याला अखेरचं गिऱ्हाईक दिसत नाही. मधे अडत्या, दलाल, घाऊक व्यापारी. भास्कररावांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव, म्हणजे भाऊसाहेब, तरुणपणीच शहराकडे निघाले. मुंबईची बाजारपेठ त्यांनी पाहिली आणि अखेर पुणं धरलं. धाकटे नरसिंहराव, म्हणजे राजाभाऊ, त्यांना येऊन मिळाले. 1950 साली ‘चितळे बंधू मिठाईवाले’ ही पाटी पुण्यात लागली. नानासाहेब आणि काकासाहेब हे भाऊ भिलवडीत दुधापाशी राहिले.

भावांची ही वाटणी मला सगळ्या हकीकतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. भावकीत वाटण्या होतात त्या बांधावरून आणि भांडणाने. इथे कामाची वाटणी झाली. दोन भाऊ काउंटरवर, दोन भाऊ गोठ्याच्या टोकाला, मधे रेल्वेची लाइन. पुण्यात श्रीखंड कमी पडलं की तो निरोप थेट घरात यायचा. भिलवडीत दूध वाढलं की ते कशात घालायचं याचा विचार पुण्यात व्हायचा. दुकानदाराला मालाचं मूळ ठाऊक होतं आणि माल करणाऱ्याला गिऱ्हाइकाचं तोंड. दोन्ही टोकं एकाच घरात असल्यामुळे दर्जाबद्दल एकमेकांवर ढकलायला जागाच नव्हती. आज पुरवठा साखळी सांभाळायला मोठ्या कंपन्या पगारी माणसांच्या फौजा ठेवतात. इथे ते काम चार भावांच्या विश्वासावर उभं होतं.

दुपारी एक ते चार दुकान बंद, यावरून पुण्याने या दुकानाची भरपूर थट्टा केली. दुधाकडून पाहिलं तर त्यात हेका दिसत नाही. पुण्याला सकाळचा चहा दुधाशिवाय होत नाही, म्हणून दुधाच्या दुकानाचा दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो. तिथल्या माणसांना दुपारी पाठ टेकायला हवीच. जुलै 2017 पासून दुकानं दुपारीही उघडी राहू लागली. त्या बातमीची जी चर्चा झाली, तशी एखाद्या नव्या दुकानाच्या उद्‌घाटनाचीही होत नाही.

आणि बाकरवडी. 1970च्या दशकात ती आली. दुधाच्या दुकानाने दुधाचा थेंबही नसलेला पदार्थ का करावा? माझं उत्तर तेच: मुदत. बेसन आणि मैद्याची घट्ट पोळी लाटायची. तिच्यावर चिंचेचं आंबटगोड पाणी फिरवायचं, मग सुकं खोबरं, खसखस, तीळ, धणे, बडीशेप, तिखट यांचं सारण पसरायचं. पोळीची घट्ट गुंडाळी करायची, दाबून बसवायची, बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे आणि मंद आचेवर तळायचे. आच मोठी झाली तर बाहेरून लाल आणि आतून कच्ची राहते, मग दोन दिवसांत मऊ पडते. नीट तळली तर आठवडे कुरकुरीत राहते. गुजरातची बाकरवडी गोडसर. नागपूरकडची पुडाची वडी झणझणीत पण ताजीच खायची. या दोहोंच्या मधली चव पुण्यात बसली. श्रीखंड पुण्यातल्या घरापर्यंत जायचं. बाकरवडी मुलाच्या बॅगेतून अमेरिकेपर्यंत गेली. पुढे मागणी हातांच्या आवाक्याबाहेर गेली आणि लाटण्या-वळण्याचं काम यंत्रावर आलं. चव राखून ते यंत्रावर बसवणं सोपं नसणार. सारण जरा ओलं झालं की गुंडाळी सुटते, हे घरी करणाऱ्या कोणत्याही बाईला विचारावं.

सांगलीहून पुण्याला जाऊन दुकान मोठं करणारे हे एकटे नव्हेत. गाडगीळ सराफांची पेढी सांगलीत 1832 सालची. अनंत गणेश गाडगीळ, म्हणजे दाजीकाका, यांनी 1958 साली पुण्यात लक्ष्मी रोडवर पेढी काढली. सोनं नासत नाही, त्यामुळे त्यांना जपायची होती ती पत. वारणाकाठी तात्यासाहेब कोऱ्यांनी उलट वाट धरली. शहराचं दुकानच सहकारातून खेड्यात आणलं. वारणा बझारमध्ये शेतकरी बाया सुपरमार्केटसारखी खरेदी करू लागल्या. पाच-पन्नास किलोमीटरच्या टापूत दुकानदारीच्या इतक्या तऱ्हा झाल्या, याचा आपल्याकडे पुरेसा अभ्यास नाही, ही खंत आहे.

असंच काही फिलिपिन्समध्ये घडलेलं सापडतं. तिथे गल्लोगल्ली सारी-सारी स्टोअर असतात. घराच्या खिडकीतून शांपूची एकेक पुडी, एकेक अंडं विकणारी, आपल्या गल्लीतल्या किराण्याच्या जवळची. त्याच देशात हेन्री सी यांनी मनिलात 1958 साली शूमार्ट नावाचं चपला-बुटांचं दुकान काढलं, त्याचे पुढे एसएम मॉल झाले. टोनी टॅन काकटियाँग यांनी 1975 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, दोन आइस्क्रीम पार्लर घेतली. गिऱ्हाइकं गरम खाणं मागू लागली, तसं त्यांनी बर्गर ठेवले, आणि 1978 साली जॉलिबी कंपनी उभी राहिली. दुधाच्या गोठलेल्या मालातून गरम बर्गरकडे, दुधाच्या खव्यातून कोरड्या बाकरवडीकडे. दोन्हीकडे पहिल्या मालाने गिऱ्हाईक दारात आणलं आणि दुसऱ्याने धंदा वाढवला. इलोइलोच्या एडगर सिया यांनी 2003 साली सव्विसाव्या वर्षी भाजलेल्या कोंबडीचं ‘मांग इनासाल’ सुरू केलं. सात वर्षांत त्याचा 70 टक्के हिस्सा जॉलिबीने घेतला. इतक्या लवकर विकून मोकळं होणं कृष्णाकाठच्या माणसाला पटणार नाही, पण तोही एक रस्ता आहे.

आष्ट्यातली आजची पोरं मोबाइलचं दुकान, चहाची फ्रँचायझी, बेकरी काढतात. इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांमुळे गिऱ्हाईकही आहे. पण बहुतेक दुकानांत माल कोल्हापूर-पुण्याहून येतो आणि नफ्याचा मोठा वाटा तिकडेच परत जातो. शेजारच्या शिवारात हळद, गूळ, दूध असताना त्यावर उभं राहिलेलं स्थानिक दुकान शोधावं लागतं, हे मला खटकतं.

नदी देते तशी नेतेही. ऑगस्ट 2019च्या महापुरात भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ पाण्याखाली होती. रस्ते तुटले, सांगली-कोल्हापूरकडचं दूध पुण्या-मुंबईला पोचेना, आणि तिकडच्या दुकानांतले ट्रे रिकामे राहिले. पुण्याचा चहा किती लांबच्या गोठ्यांवर अवलंबून आहे, हे त्या आठवड्यात सगळ्यांना कळलं. गोठ्यात मात्र अधिक नुकसान झालं: वाहून गेलेली जनावरं, कुजलेली वैरण, आटलेलं दूध.

चितळ्यांच्या डेअरीने जनावरांच्या कानात रेडिओ टॅग बसवून त्यांची नोंद संगणकावर ठेवायला बऱ्याच वर्षांपूर्वी सुरुवात केली. लसीकरण, रेतन, आजार, दूध यांची माहिती शेतकऱ्याला मोबाइलवर मिळू लागली. पुण्यात पुढच्या पिढ्यांनी एक्स्प्रेस नावाची छोटी दुकानं दूरदूर नेली. दोन्ही टोकं अजून चालू आहेत. मधला एक प्रश्न मात्र दर वर्षी अवघड होत चाललाय: म्हैस पाळायला घरात माणूस नाही. आष्ट्याच्या संकलन केंद्रावर किटली घेऊन येणाऱ्यांत पन्नाशीच्या पुढचे अधिक दिसतात. त्यांची मुलं दुकान काढायला तयार आहेत, नोकरीला तयार आहेत, धारेला बसायला तयार नाहीत. त्यांना धारेचा मोबदला दुकानाच्या गल्ल्याइतका दिसू लागला, तरच हे दूध पुढे पुण्याला जाईल.