विजेची मोटार आणि तेलाचा हिशेब

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर एके सकाळी आमच्या कॉलेजच्या फाटकातून एक छोटी मोटार आत आली. आवाज नाही, धूर नाही. गाडी अगदी जवळ येईपर्यंत शिपाईमामांना तिचा पत्ताच लागला नाही. ते दचकून बाजूला झाले. रसायनशास्त्र शिकविणारे आमचे एक सहकारी रोज तीस किलोमीटरवरून येतात. त्यांनी विजेवर चालणारी मोटार घेतली होती.

मधल्या सुट्टीत गाडीभोवती ही गर्दी जमली. पहिला प्रश्न अर्थातच "ॲव्हरेज किती देते?" हा होता. दुसरा प्रश्न, "लाइट गेली तर?" मग कोणीतरी म्हणाले, "शेवटी वीज कोळशाचीच ना? इथला धूर चंद्रपूरला नेऊन सोडला, एवढेच!" सगळे हसले. मीही हसलो आणि मान डोलावली. कचेरीतले वयस्क हेडक्लार्क म्हणाले, "तेल संपणार, तेल संपणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. तीस वर्षांत संपणार होते. संपले का?"

संध्याकाळी आमचे शेजारी, निवृत्त मुख्याध्यापक असलेले गुरुजी, घरी आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. "सर, निवृत्तीचे थोडे पैसे हाताशी आहेत. मी घेऊ का अशी गाडी? तुम्ही फिजिक्सचे. तुम्ही सांगाल ते करीन."

मी गप्प झालो. सकाळी ज्या वाक्यावर मी मान डोलावली होती, त्याचा हिशेब मी स्वतः कधीच मांडला नव्हता. "दोन दिवस द्या," असे मी म्हणालो. त्या दोन दिवसांतला हिशेब, विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापुढे मांडतो आहे. कागद-पेन्सिल जवळ घेऊन वाचा.

तेल संपले का नाही?

आधी हेडक्लार्कसाहेबांचा प्रश्न घेऊ, कारण तो खोडसाळ वाटला तरी रास्त आहे. १९८० च्या सुमारास जगातील ज्ञात तेलसाठे सुमारे ६८,००० कोटी पिंपे होते. एक पिंप म्हणजे १५९ लिटर. जग तेव्हा दररोज सहा कोटींहून थोडी अधिक पिंपे वापरीत होते. भागाकार करा, उत्तर तीस वर्षांच्या आसपास येते. 'तीस वर्षांत तेल संपणार' हे वाक्य या भागाकारातून आले.

त्यानंतरच्या चाळीस वर्षांत जगाने एक लाख कोटी पिंपांहून अधिक तेल जाळले. तरीही २०२० च्या सुमारास ज्ञात साठे सुमारे १,७०,००० कोटी पिंपे होते! दररोजचा खप दहा कोटी पिंपे धरला तर आज उत्तर सेहेचाळीस वर्षे येते. खर्च करूनही शिल्लक वाढली, हे कसे?

याचे उत्तर 'साठा' या शब्दात आहे. साठा म्हणजे भूगर्भातील सगळे तेल नव्हे. जे सापडले आहे आणि आजच्या तंत्राने, आजच्या भावात काढणे परवडते, तेवढेच तेल साठ्यात धरतात. भाव वाढला किंवा तंत्र सुधारले की काल न परवडणारे तेल आज साठ्यात मोजले जाते. कोठीतले धान्य मोजून शेतातल्या पिकाचा अंदाज करू नये, तसेच हे आहे.

मग तेल अमर्याद आहे का? मुळीच नाही. अमेरिकन भूशास्त्रज्ञ किंग हबर्ट यांनी १९५६ साली असे भाकीत केले होते की, अमेरिकेचे तेल-उत्पादन १९७० च्या आसपास शिखर गाठील आणि नंतर उतरेल. तसेच झाले. १९७० नंतर ते उतरत गेले. पुढे घट्ट खडकांना पाण्याच्या प्रचंड दाबाने भेगा पाडून तेल काढण्याचे तंत्र आले. २००८ नंतर उत्पादन पुन्हा चढू लागले आणि २०१८ साली त्याने जुने शिखर ओलांडले. हबर्ट यांचे गणित त्यांना ठाऊक असलेल्या तेलापुरते बरोबर होते.

आपल्या किनाऱ्याची कथाही अशीच आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या तरंगत्या यंत्रनौकेने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली तेल शोधले. १९७६ पासून 'बॉम्बे हाय'चे तेल येऊ लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील उत्पादन शिगेला पोहोचले आणि मग उतरणीला लागले. आज भारत आपल्या गरजेच्या शंभर पिंपांपैकी पंचाऐंशीहून अधिक पिंपे बाहेरून आणतो.

म्हणून 'शेवटचा थेंब कधी?' हा खरा प्रश्नच नव्हे. तेल कोणत्या भावाने मिळेल आणि कोणाच्या मर्जीने मिळेल, हा खरा प्रश्न आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले, तेव्हा सुमारे तीन डॉलरचे पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेले. भूगर्भातील तेल त्या काही महिन्यांत आटले नव्हते.

पेट्रोलची मोठी ताकद

आता दुसरा प्रश्न. विजेची मोटार एवढी चांगली, तर ती इतकी वर्षे कुठे होती?

ती होतीच! १८९९ साली बेल्जियमच्या कामीय जेनात्सी याने ताशी १०० किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली, ती विजेच्या मोटारीतून. १९०० च्या सुमारास अमेरिकेत विजेच्या, वाफेच्या आणि पेट्रोलच्या मोटारी शेजारी शेजारी धावत होत्या. पेट्रोलची मोटार सुरू करायला पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. १९१२ साली बटणाने इंजिन सुरू करणारा स्टार्टर आला आणि तो त्रास गेला. गंमत अशी की, हा स्टार्टर म्हणजे एक छोटी विजेची मोटरच! तिनेच विजेच्या गाडीला मागे टाकण्यास हातभार लावला.

पण खरे कारण वजनाचे आहे. एक किलो पेट्रोल जाळले तर सुमारे १२ युनिट ऊर्जा मिळते. (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, आपल्या वीजबिलातले तेच.) एक किलो शिशाच्या बॅटरीत जेमतेम ०.०३ ते ०.०४ युनिट मावते. म्हणून २००१ साली बंगळूरला तयार झालेली 'रेवा' ही छोटी विजेची मोटार एका चार्जिंगमध्ये सुमारे ८० किलोमीटरच जाई. लोकांनी तिला कौतुकाने पाहिले, पण पुढच्या दहा वर्षांत ती जगभर मिळून काही हजारच खपली.

चित्र बदलले ते लिथियमच्या बॅटरीने. तिच्या पायाभरणीचे काम १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉन या तेल कंपनीच्याच प्रयोगशाळेत केले! तेलटंचाईची झळ तेल कंपनीलाही विचार करायला लावीत होती. पुढे गुडइनफ आणि योशिनो यांनी ही बॅटरी सुधारली. १९९१ मध्ये ती बाजारात आली आणि २०१९ मध्ये तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोटारीच्या आजच्या बॅटरीसंचात किलोमागे सुमारे ०.१५ युनिट मावते. २०१० मध्ये एक युनिट साठविणाऱ्या संचाला हजार डॉलरहून अधिक पडत. २०२४ मध्ये सुमारे ११५ डॉलर. भारतात दहा लाख रुपयांच्या आत चार माणसांची विजेची मोटार मिळू लागली, ती यामुळे.

तरीही पेट्रोल वजनाला ८० पट सरस आहे. मग विजेची मोटार चालते कशी? कारण इंजिन ही एक भट्टी आहे. पेट्रोलच्या उष्णतेपैकी पाचवा ते चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीची रेडिएटर आणि धुराड्यातून निघून जाते. विजेची मोटर मात्र मिळालेल्या ऊर्जेपैकी ८५ ते ९० टक्के चाकांना देते. शिवाय ब्रेक लावताना काही ऊर्जा बॅटरीत परत टाकते.

चार्जिंगला वेळ का लागतो, हेही पाहून ठेवा. पंपावरची नळी मिनिटाला ३० लिटर पेट्रोल सोडते असे धरू. एका लिटरमध्ये सुमारे ९ युनिट, म्हणजे मिनिटाला २७० युनिट. तासाला १६,२०० युनिट. घरातला १५ अँपिअरचा सॉकेट तासाला साडेतीन युनिटही देत नाही. म्हणून २४ युनिटची बॅटरी भरायला सारी रात्र लागते. रात्री वीज दोन तास गेली तर फारसे बिघडत नाही. रात्रभर गेली तर बिघडते.

धूर चंद्रपूरला?

आता माझ्या मान डोलावण्याचा हिशेब. लहान मोटार गर्दीतल्या रस्त्यांवर लिटरमागे १५ किलोमीटर जाते असे धरू. एक लिटर पेट्रोल जळल्यावर २.३ किलो कार्बन डायॉक्साइड बाहेर पडतो.

तेवढ्याच अंतराला तेवढ्याच विजेच्या मोटारीला सॉकेटमधून सुमारे २.१ युनिट लागतात. तारांमध्ये वाटेत सुमारे सहावा हिस्सा गळतो, म्हणून वीजकेंद्रात २.५ युनिट निर्माण करावी लागतात. ती सगळी कोळशाची असली तर युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायॉक्साइड, म्हणजे एकूण २.५ किलो. थट्टा करणाऱ्याचे म्हणणे खरे ठरले! पेट्रोलपेक्षा कमी नाही, किंचित अधिकच.

पण आपली वीज सगळीच कोळशाची नाही. सुमारे तीन चतुर्थांश कोळशाची; उरलेली पाण्याची, वाऱ्याची, सूर्याची, अणूची. सरासरी काढली तर युनिटमागे सुमारे ०.७ किलो पडतो. म्हणजे १५ किलोमीटरला १.८ किलो. बचत आहे, पण ती पाचव्या हिश्श्याची. त्यातून बॅटरी बनविताना झालेला धूर वजा करावा लागेल, आणि पेट्रोल शुद्ध करताना झालेला धूर दुसऱ्या पारड्यात घालावा लागेल.

तेव्हा विजेची मोटार आज 'निर्धूर' नाही. मात्र एक फरक लक्षात घ्या. आज घेतलेली पेट्रोलची मोटार दहा वर्षांनीही लिटरमागे २.३ किलोच सोडील. विजेची मोटार मात्र, वीजकेंद्रे जसजशी सुधारतील तसतशी, जागच्या जागी सुधारत जाईल. शिवाय शाळेच्या दारात तिचा धूर होत नाही आणि तिचे इंधन जहाजातून आणावे लागत नाही. लिथियम बाहेरूनच येते, हे खरे; पण पेट्रोल एकदा जळले की संपते, लिथियम जुन्या बॅटरीतून पुन्हा काढता येते.

घरचा हिशेब

आमचे सहकारी रोज ६० किलोमीटर जातात. वर्षाला सुमारे १८,००० किलोमीटर. पेट्रोल १,२०० लिटर. लिटरला १०० रुपये धरले तर १,२०,००० रुपये. विजेची सुमारे २,५०० युनिट; दहा रुपये दराने २५,०००. वर्षाला ९५,००० रुपयांची बचत. गाडी तीन लाखांनी महाग पडली तरी सव्वातीन वर्षांत फिटते.

गुरुजींचे फिरणे वर्षाला फार तर ३,००० किलोमीटर. त्यांची बचत १६,००० रुपये. तीन लाख फिटायला जवळजवळ एकोणीस वर्षे! त्याआधी बॅटरी म्हातारी होईल.

दोन दिवसांनी मी कागद घेऊन गुरुजींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ तपासली, एका गुणाकारातली माझी चूकही काढली. मग म्हणाले, "म्हणजे गाडी तीच. त्यांच्यासाठी शहाणपणाची, माझ्यासाठी हौसेची."

"पैसे वाचतील म्हणून घेऊ नका, एवढेच माझे म्हणणे," मी म्हणालो.

"मग माझी एस.टी. बरी," गुरुजी हसून म्हणाले. "पन्नास माणसांत एकच इंजिन."

दुसऱ्या दिवशी मी हा कागद स्टाफरूममध्ये लावला आणि खाली लिहिले, 'परवा मी हिशेब न करता हसलो होतो.'

करून पाहा: तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एका वाहनाचे महिन्याचे किलोमीटर आणि पेट्रोल टिपून ठेवा. वीजबिलावरून युनिटचा दर काढा. वर दिलेल्या पद्धतीने दोन्ही हिशेब मांडा: एक रुपयांचा, एक धुराचा. शिक्षकांनी वर्गातील सर्व उत्तरे फळ्यावर एकत्र लिहावीत. कोणाच्या घरी गाडी बदलणे फायद्याचे आणि कोणाच्या घरी नाही, हे शोधून काढावे. आणि उत्तरे वेगवेगळी का आली यावर चर्चा करावी.