लस वस्तीपर्यंत टिकते कशी?

एमआरएनए लशीतला संदेश फार नाजूक. नुसता टोचला तर शरीरात लगेच तुटतो. म्हणून तो केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक अशा स्निग्ध नॅनोकणांसोबत देतात. तरीही फायझरची कोविड लस सुरुवातीला उणे 70 अंशांच्या आसपास ठेवावी लागे. एवढा थंड फ्रीझर आपल्या उपकेंद्रात कुठून येणार? पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने लस गोठवून सुकवली, भुकटी केली. ती 2 ते 8 अंशांत टिकते. ओमिक्रॉनवरच्या या लशीला 2023 मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली.

साधा फ्रीज पुरतो खरा, पण वीज हवीच. बाळाच्या नेहमीच्या लशींचेही तेच. त्यांच्या बाटलीवर बहुधा वर्तुळात चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तरच लस वापरता येते; वर्तुळाएवढा गडद झाला तर नाही. टोचण्यापूर्वी नर्सताईंना बाटली दाखवायला सांगा.